यज्ञ, अग्निबाण आणि आपले तरुण वाचक

मुलांच्या हाती कोणती अद्भुतकथा द्यावी, हा प्रश्न आपल्या कुटुंबांतून वारंवार निघतो. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाला तेव्हा तो निघाला, आणि हॅरी पॉटर मराठीत अवतरला तेव्हा जादूटोण्याच्या धास्तीने पुन्हा निघाला. ही धास्ती अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कथेत जादू आहे की नाही, एवढीच कसोटी आम्हांस अपुरी वाटते. टॉल्किन हे निष्ठावंत कॅथोलिक होते आणि त्यांच्या कथांतही जादूगार आहेतच. नायकाला सामर्थ्य कशाच्या मोबदल्यात लाभते, हे पाहणे अधिक फलदायी ठरावे.

या कसोटीवर डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने धाडली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे टोपणनाव! कथेला पारितोषिक मिळाले आणि मराठी वाचकाला एक नवा कथाकार लाभला. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

मराठवाड्यातील मुलांपुढे तर या कथा आज निराळ्याच अर्थाने उभ्या राहतात. शिरड शहापूरपासून फार दूर नसलेल्या दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा साकारत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसर किरण धावतील. दूर अंतराळात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात उठणारा तरंग या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म असा फरक घडवितो. तो टिपायचा आहे. असा तरंग प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपला गेला. या प्रकल्पातील एक प्रमुख संस्था म्हणजे नारळीकरांनीच पुण्यात उभारलेली ‘आयुका’. कथेतले कृष्णविवर असे कापूस-सोयाबीनच्या शिवारापर्यंत येऊन पोहोचले आहे.

कथाकार म्हणून नारळीकरांच्या मर्यादा उघड आहेत. त्यांची माणसे पुष्कळदा कल्पना वाहून नेणारे भारवाहक असतात. संवाद मध्येच व्याख्यानाचे रूप घेतात. तथापि त्यांच्या अद्भुताला नियम असतो. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये मूर्तीची सोंड दिशा बदलते. भाविकाने जिथे हात जोडावेत तिथे लेखक मोबियस पट्टीची भूमिती मांडतो, आणि गंमत अशी की त्यामुळे विस्मय ओसरत नाही, वाढतोच.

‘धूमकेतू’ या कथेशी मात्र आमचे भांडण आहे. एका हौशी आकाशनिरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो. शास्त्रज्ञ अग्निबाण सोडून त्याची वाट बदलतात. इकडे त्या गृहस्थाची पत्नी शांतीसाठी यज्ञ मांडते आणि संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला देते. हा उपहास आपल्यालाही झोंबतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवस बोलणारी आपली मुले आणि त्यांना तसे शिकविणारे आपण, त्या गृहिणीहून फारसे निराळे नाही. परंतु लेखकाने श्रद्धेचे एवढे एकच रूप का रंगवावे? संकट न टळताही टिकणारी प्रार्थना असते. गेथसेमनी बागेत प्याला दूर झाला नाही, हे आपण दर पवित्र गुरुवारी आठवितो. त्या श्रद्धेला या कथेत जागाच नाही, आणि म्हणून तिच्यातील वाद एकतर्फी होतो.

येथे फादर जॉर्ज लमेत्र यांचे स्मरण होते. विश्वाचा आरंभ एका आदिअणूपासून झाला, ही कल्पना १९३१ साली या बेल्जियन धर्मगुरूंनी मांडली. नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉयल हे त्या सिद्धान्ताचे आयुष्यभराचे विरोधक. तरीही १९५१ साली पोप बारावे पायस यांनी आधुनिक विश्वविज्ञानात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आपल्या गणिताने श्रद्धेची वकिली करावी हे त्यांना मान्य नव्हते. हा धर्मगुरू ‘धूमकेतू’चा वाचक असता तर यज्ञाविषयी लेखकाशी सहमत झाला असता आणि शेवटाविषयी त्याच्याशी वाद घालत बसला असता, असे आम्हांस वाटते.

आठवी-नववीच्या मुलांना आधी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ द्यावा. ‘धूमकेतू’ घरात मोठ्याने वाचावा आणि त्या पत्नीची बाजू मुलांकडूनच मांडून घ्यावी. ‘वामन परत न आला’ ही यंत्रमानवाची कादंबरी महाविद्यालयात जाणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. १९८६ची असली तरी आजच्या विचार करणाऱ्या यंत्रांच्या दिवसांत ती अधिकच ताजी वाटते.