नामधारी राजकन्या

१९३७ साली वॉल्ट डिस्ने यांची स्नो व्हाइट खारींच्या शेपट्यांचे झाडू करवून बुटक्यांचे घर लखलखीत करत रजतपटावर अवतरली, आणि १९९८ साली, जन्माने राजकन्या नसूनही डिस्नेच्या राजकन्यांच्या मालिकेत गणली गेलेली मुलान वृद्ध पित्याऐवजी चिलखत चढवून रणांगणात उतरली. या दोन चित्रांतील अंतर पाहून, नायिकेचा प्रवास परावलंबनाकडून स्वातंत्र्याकडे अखंड चालू आहे, असा निर्वाळा देण्याची समीक्षेत वहिवाटच पडली आहे. हा निर्वाळा सर्वस्वी खोटा नव्हे. परंतु नायिकेच्या पराक्रमाची नोंद घेताना, तिच्या भोवतालच्या जगात बोलते कोण, हा प्रश्न त्याने दप्तरी दाखल करून टाकला.

कारमेन फॉट आणि कॅरेन आयझेनहॉअर या अमेरिकन भाषाभ्यासकांनी २०१६ साली या चित्रपटांतील संवादांची मोजदाद मांडली. १९५०च्या ‘सिंड्रेला’त सुमारे ६० टक्के शब्द स्त्रियांच्या तोंडी आहेत, तर १९८९च्या ‘द लिटल मर्मेड’मध्ये ६८ टक्के, ‘अलादीन’मध्ये ९० टक्के आणि खुद्द ‘मुलान’मध्ये ७७ टक्के शब्द पुरुषांचे आहेत. कारण उघड आहे: सिंड्रेलेच्या घरात सावत्र आई, बहिणी आणि परी यांचा वावर होता, पुढे नायिका धीट झाली, पण तिचे सोबती, सेवक, विदूषक आणि गावातले दुकानदार हे सारे सवयीने पुरुषच रेखाटले गेले.

‘लिटल मर्मेड’मध्ये तर हे मौन कथावस्तूतच शिरले. एरियल सोनेरी लेखणीने करारनाम्यावर सही करते, मोबदल्यात आपला आवाज देते, आणि जमिनीवरच्या पुरुषांना बोलक्या बायका रुचत नाहीत अशी मखलाशी अर्सुला तिच्यापुढे करते. हा युक्तिवाद खलनायिकेचा आहे, हे मान्य. तथापि मुकी एरियलही राजपुत्राचे मन जवळजवळ जिंकतेच, तेव्हा तो निम्मा तरी कथेने मंजूर केला असे म्हणणे भाग आहे.

प्रेक्षक मुलींवर याचा परिणाम मात्र सरळ रेषेत होत नाही. सारा कॉइन यांच्या २०१६च्या संशोधनात, राजकन्यांत अधिक रमणाऱ्या लहान मुलांचे वागणे वर्षभराने रूढ स्त्रीत्वाकडे अधिक झुकलेले आढळले. पण काही वर्षांनी केलेल्या पुढील पाहणीत अशाच मुलांची स्त्री-पुरुषांविषयीची मते अधिक उदार दिसली. मूल चित्रपटातून काय उचलील आणि काय टाकील, याचा ठेका कोणालाच घेता येत नाही.

बाजार मात्र तो ठेका घेऊ पाहतो. ‘ब्रेव्ह’मधील मेरिडा धनुष्य ओढता येईना म्हणून तंग पोशाखाची शिवण उसवते आणि मग नेम साधते, परंतु २०१३ साली विक्रीसाठी तिचे जे नवे रूप काढले, त्यात कंबर बारीक झाली आणि धनुष्य गायब झाले, म्हणून तिच्या निर्मात्या ब्रेंडा चॅपमन यांनाच जाहीर निषेध करावा लागला.

तेव्हा एका नायिकेच्या हाती शस्त्र दिल्याने काम भागत नाही. तिच्या राज्यातला सराफ, सेनापती, थट्टेखोर विदूषक यांच्या जागी स्त्रिया आल्या आणि त्या मनमुराद बोलू लागल्या, तरच मुलींना त्या राज्यात आपल्यासाठी एकाहून अधिक जागा दिसतील.