गीता ४.३४ : एक अवग्रह आणि कर्माचा हिशोब

'ज्ञान झालं की कर्म जळतं' हे आपण कीर्तनात इतक्यांदा ऐकतो, की त्यात काही प्रश्न आहे हेच विसरून जातो. जळतं म्हणजे नक्की काय जळतं? मागे केलेलं, आत्ता करत असलेलं, की भोगायला सुरुवात झालेलं? आणि सेवा करून, साधना करून ज्ञान मिळत असेल, तर तेही कर्माचंच फळ झालं ना? मग कर्माच्या फळाने कर्मातून सुटका कशी होणार?

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण याच प्रश्नाभोवती आहे. त्यातला आजचा नमुना सावेडीपासून फार लांबचा नाही. गोविंद रघुनाथ दाभोलकर म्हणजे हेमाडपंत यांच्या ओवीबद्ध 'श्री साईसच्चरिता'तला ३९ वा अध्याय. नानासाहेब चांदोरकर साईबाबांचे पाय चेपत गीतेतला ४.३४ हा श्लोक पुटपुटतात. ज्ञानी लोकांना नमस्कार करून, प्रश्न विचारून, सेवा करून ज्ञान जाणून घे, असा त्याचा रूढ अर्थ. चांदोरकर संस्कृत जाणणारे, भाष्यं वाचलेले. बाबा त्यांना एकेक शब्दाचा अर्थ विचारतात आणि शेवटी सुचवतात की 'ज्ञानं'च्या आधी अवग्रह धरून 'अज्ञानं' वाचून बघ. म्हणजे गुरू उपदेश करतो तो अज्ञानाचा! ५० व्या अध्यायात हाच विषय पुन्हा येतो.

आता हे वाचन टिकतं का ते पाहू. संधीच्या नियमाने अडचण नाही. 'ते'च्या पुढचा 'अ' लोप पावतो, अवग्रहाचा उच्चार होत नाही, त्यामुळे छंदही मोडत नाही. कानाला दोन्ही पाठ सारखेच.

अडचण पुढच्या श्लोकात आहे. ४.३५ मध्ये 'जे जाणल्यावर तुला पुन्हा मोह होणार नाही' असं म्हटलंय. इथपर्यंत 'अज्ञान' ओढूनताणून बसवता येईल; अज्ञान ओळखलं की मोह जातो. पण लगेच 'ज्याच्या योगाने तू सगळी भूतं आत्म्यात पाहशील' असं येतं. अज्ञानाच्या योगाने कोण काय पाहणार? पुढे ४.३६ मध्ये ज्ञानाची नाव आहे, ४.३७ मध्ये ज्ञानाचा अग्नी. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितलेली ज्ञानेश्वरीही इथे सरळ 'ज्ञान'च धरते. त्यामुळे गीतेचा पाठ म्हणून मला हे वाचन मान्य नाही.

पण म्हणून ते टाकून द्यायचं? तसंही नाही. वर विचारलेल्या प्रश्नाला ते थेट भिडतं. ज्ञान ही गुरूने उचलून द्यायची वस्तू असती, तर ती मिळवावी लागली असती. आणि जे मिळवलं जातं ते कधीतरी संपतं. आचार्यांचं म्हणणं असं की मोक्ष हे कुठल्याही कृतीचं उत्पादन नाही. आत्मा आहेच, झाकलेला आहे. गीता ५.१५ मध्येही अज्ञानाने ज्ञान झाकलं आहे असंच सांगितलंय. गुरूचं काम झाकण दाखवण्याचं. शिर्डीच्या अवग्रहाने हा मुद्दा एका खुणेत सांगितला. व्याकरण हरलं तरी वेदांत हरला नाही.

अर्थात इथे ज्ञानेश्वर आणखी पुढे जातात. 'अमृतानुभवा'तलं सर्वात मोठं प्रकरण अज्ञानखंडनाचं आहे. अज्ञान नावाची वस्तूच सिद्ध होत नाही, तर झाकण कशाचं, असा त्यांचा रोख. सच्चरितातला युक्तिवाद या प्रश्नापर्यंत पोचत नाही, ही मला त्याची खरी मर्यादा वाटते.

आता 'जळणं'. ४.३७ वरच्या भाष्यात शंकराचार्य स्पष्ट म्हणतात की ज्ञानाग्नी लाकडं जाळावीत तसं कर्म प्रत्यक्ष जाळत नाही. तो कर्म निर्बीज करतो. भाजलेला हरभरा पेरला तर उगवत नाही, तसं समजा. ज्या कर्माने हे शरीर सुरू झालं ते प्रारब्ध मात्र भोगूनच संपतं. ब्रह्मसूत्र ४.१.१५ देखील फळ द्यायला सुरुवात न झालेल्या कर्मांचाच नाश सांगतं. धनुष्यातून सुटलेला बाण परत घेता येत नाही.

हा अपवाद फार महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडे तो नेमका उलटा वापरला जातो. कुणी मोठं वाईट कृत्य करतो, मग 'आता त्यांना ज्ञान झालंय' म्हणून सगळं माफ. उलट कुणाच्या घरी कर्करोग निघाला, दुष्काळात पीक गेलं, की 'प्रारब्ध, दुसरं काय'. भाष्यात प्रारब्धाचा विचार कशासाठी येतो? ज्ञान झाल्यावरही ज्ञान्याचं शरीर का राहतं, हे सांगण्यासाठी. शेजाऱ्याचं दुःख मोजायची ती फूटपट्टी नाही. आणि ज्ञानाने सुटतं ते 'मी केलं, मी भोगणार' हे कर्तेपण. ज्याला इजा झाली त्याची जखम त्याने भरून येत नाही.

म्हणून ३९ वा अध्याय वाचताना माझी शिफारस इतकीच: पाठभेद म्हणून त्याच्यावर भांडत बसू नका, आणि चमत्कार म्हणून हातही जोडू नका. युक्तिवाद म्हणून वाचा, पुढे ४.३५ उघडा ठेवा, आणि कुठे पटत नाही ते खाली लिहा. पुढच्या वेळी टिळकांचं 'गीतारहस्य' घेऊ. कर्म निर्बीज झाल्यावर माणसाने काम करायचं की सोडायचं, यावर त्यांचं आचार्यांशी पटत नाही.