प्रमेय ३.२ नेमके कोणते? लाटेकमधील प्रकरणनिहाय क्रमांकन

प्रकल्प-अहवाल तपासताना एक प्रसंग माझ्यापुढे वारंवार येतो. सिद्धतेत लिहिलेले असते, '३.२ वरून हे स्पष्ट आहे.' मी पाने उलटतो. तिसऱ्या प्रकरणात व्याख्या ३.२ आहे, पूर्वप्रमेय ३.२ आहे आणि चार पानांनंतर प्रमेय ३.२ सुद्धा आहे. तोंडी परीक्षेत विचारले, तर लिहिणारा स्वतःच चुकीचे पान उघडतो. यात दोष विद्यार्थ्याचा थोडा आहे. लाटेकच्या मूळ सवयीचा जास्त आहे.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात डोनाल्ड कनूथ यांच्या 'टेक'वर लाटेक उभारले. लेखकाने रचना सांगावी आणि मोजणी यंत्राने करावी, ही त्यामागची कल्पना आजही उत्तम आहे. प्रमेयाला लेबल द्या, संदर्भाच्या जागी रेफ लिहा, फाइल दोनदा चालवा. मध्ये नवे प्रमेय घुसवले तरी सगळे आकडे आपोआप सरकतात. आकडे हाताने टाइप करणाऱ्यांची सादरीकरणाच्या आदल्या रात्री काय अवस्था होते, ते वेगळे सांगायला नको.

आता न्यूथिअरम ही आज्ञा पाहा. पहिल्या महिरपी कंसात अंतर्गत नाव, दुसऱ्यात छापायचा शब्द. तेथे 'प्रमेय' लिहिले तर 'प्रमेय' छापले जाते. शेवटी चौकोनी कंसात चॅप्टर लिहिले, की आकडा प्रकरणाला बांधला जातो आणि दर प्रकरणात पुन्हा एकपासून सुरू होतो. इथपर्यंत ठीक. पण पूर्वप्रमेय आणि व्याख्या यांसाठी हीच ओळ पुन्हा लिहिली, तर प्रत्येकाचा काउंटर वेगळा होतो. बहुतेक जण नेमके हेच करतात, आणि तीन '३.२' जन्माला येतात.

उपाय त्याच आज्ञेत आहे. पूर्वप्रमेयासाठी चौकोनी कंस शेवटी न देता दोन महिरपी कंसांच्या मध्ये द्या आणि त्यात प्रमेयाचे अंतर्गत नाव लिहा. मग दोघे एकच काउंटर वापरतात. कंसाची जागा बदलली की अर्थ बदलतो आणि दोन्ही जागा एकदम वापरता येत नाहीत, ही रचना मला मुळीच सोयीची वाटत नाही. नवशिका येथेच अडखळतो.

यावर विद्यार्थी विचारतात, 'सर, प्रकरणात प्रमेये दोनच आहेत, मग हे ३.७ कसे?' क्रमांक म्हणजे मोजदाद नव्हे, तो पत्ता आहे. रुडिन यांचे 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल अ‍ॅनालिसिस' ग्रंथालयातून काढून पाहा. त्यात व्याख्या, उदाहरणे, शेरे, प्रमेये सगळी प्रकरणनिहाय एकाच रांगेत आहेत, आणि आकडा शब्दाच्या आधी छापला आहे. २.३८ दिसले, की २.४१ पुढेच असणार हे कळते. ते प्रमेय आहे की व्याख्या, हे आठवावे लागत नाही. समीकरणांचे आकडे मात्र वेगळे राहू द्या. ते गोल कंसात असतात, गोंधळ होत नाही.

एकच रांग केली, की एक जुने दुखणे वर येते. हायपररेफमधील ऑटोरेफ ही आज्ञा नाव काउंटरवरून ठरवते; त्यामुळे तुमच्या पूर्वप्रमेयाचा उल्लेखही 'प्रमेय' म्हणून छापला जातो. आकडा बरोबर, शब्द चुकीचा! क्लेव्हररेफ हे पॅकेज यातून बरेचसे सोडवते. ते वापरायचे नसेल, तर शब्द स्वतः लिहा आणि फक्त आकडा रेफकडून घ्या. मी स्वतः असेच करतो.

आणखी दोन ठिकाणी सावध राहा. आर्टिकल या वर्गात प्रकरणच नसते, म्हणून तेथे चॅप्टर लिहिले तर त्रुटी येते, सेक्शन लिहा. आणि तारांकित, म्हणजे विनाक्रमांक प्रकरण काउंटर पुढे सरकवत नाही. तिसऱ्या प्रकरणानंतर असे 'समारोप' प्रकरण घेतले आणि त्यात एखादे प्रमेय मांडले, तर त्याला तिसऱ्या प्रकरणाचाच पुढचा आकडा मिळतो. लाटेक याबद्दल काहीही इशारा देत नाही. ते तुम्हालाच छापील पानावर पाहावे लागते.