फिनलंडचें ताट

ग्रंथाची परीक्षा करितांना टीकाकारानें प्रथम काय पाहावें, याविषयीं आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस गेलीं तीस वर्षें एकच गोष्ट सांगत आलों आहों : ग्रंथकारानें काय योजिलें होतें, त्याच्या हातीं साधनें कोणतीं होतीं, आणि त्या साधनांनीं योजिलेलें कितपत साधलें, हें आधीं पाहा, तें तुमच्या आवडत्या ग्रंथासारखें आहे कीं नाहीं, हा प्रश्न सर्वांत शेवटीं. ग्रंथाच्या बाबतींत हा न्याय बहुतेकांस पटतो. ताटाच्या बाबतींत मात्र मोठमोठे सुसंस्कृत लोकहि पहिल्या घांसालाच निकाल देऊन मोकळे होतात.

२००५ सालीं फिनलंडच्या पाककलेवर असाच निकाल दिला गेला. फ्रान्सचे तेव्हांचे अध्यक्ष जाक शिराक खासगी बोलण्यांत म्हणून गेले कीं, ब्रिटनपेक्षां वाईट अन्न एका फिनलंडांतच मिळतें. इटलीचे तेव्हांचे पंतप्रधान सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनीं फिनिश जेवण आपणांस सोसावें लागल्याचें जाहीरपणें सांगितलें. फिनिश लोकांनीं उत्तर ताटांतूनच दिलें. २००८ सालीं न्यूयॉर्क येथील एका स्पर्धेंत एका फिनिश कंपनीनें धुरी दिलेल्या रेनडियरच्या मांसाचा पिझ्झा मांडला, त्यास 'बेर्लुस्कोनी' हेंच नांव दिलें, आणि इटलीच्याच पदार्थांत पहिला क्रमांक मिळविला. विनोद उत्तम, पण विनोदानें आरोपाचें खंडन होत नाहीं. आरोप खरा कीं खोटा, हें पाहिलेंच पाहिजे.

आमचा एक जुना विद्यार्थी हेलसिंकीजवळ एस्पो येथें नोकरीनिमित्त राहतो. गेल्या नाताळांत तो सहकुटुंब आमच्या घरीं उतरला, तेव्हां त्यानें रायची एक काळसर भाकर आणिली होती. राय म्हणजे फोडणींतील राई नव्हे. गव्हाच्या जातीचें, थंडी सोसणारें तें एक धान्य आहे. आमच्या घरांतून तिचा तुकडा चाखण्यांत आला आणि अभिप्राय पडला, "अहो, ही तर आपल्या भाकरीची रुसलेली बहीण दिसते!" विद्यार्थी हंसून म्हणाला, "काकू, दोन दिवस लोण्याबरोबर खाऊन पाहा, मग तिचा रुसवा जाईल." झालेंहि तसेंच. तिसऱ्या दिवशीं तो आंबटपणा आम्हांस गुण वाटूं लागला, आणि या पाककलेचा नीट विचार करावा असें मनांत आलें.

प्रथम साधनें पाहूं. हा देश सुमारें ६० ते ७० उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला. उन्हाळा थोडा, हिंवाळा लांब. शेतांत राय, जव व ओट, गोठ्यांत गाय, सरोवरांत मासे, रानांत लहान आंबटगोड फळें व अळंबीं. उष्ण प्रदेशांतील मसाल्याचें पीक तेथें येणें शक्यच नव्हतें. थोडक्या महिन्यांत पिकलेलें वर्षभर पुरवावयाचें, हा तेथील गृहिणीपुढचा मूळ प्रश्न. म्हणून आंबविणें, वाळविणें, खारविणें आणि धुरी देणें हेच त्या कलेचे चार अलंकार झाले.

दुसरें साधन म्हणजे घर उबदार ठेवणारी दगडविटांची मोठी भट्टी. पूर्वेकडे ती वरचेवर पेटे, म्हणून तेथें मऊ, ताजी भाकर मिळे. पश्चिमेकडे वर्षांतून थोड्याच वेळां भाकरी भाजीत, आणि मध्यें भोंक पाडलेल्या त्या चपट्या भाकरी आढ्याखालीं काठीवर ओंवून वाळवीत. भाकरी भाजून प्रखर आंच ओसरली कीं तीच भट्टी रात्रभर मंद ऊब देई. तींत ठेवलेलें कारेलिया प्रांतांतील मांसाचें कालवण सकाळपर्यंत आपोआप शिजे. साव्हो प्रांतांतील 'कालाकुक्को' हा पदार्थहि त्याच ऊबेचा : रायच्या जाड कवचांत लहान मासे व डुकराचें चरबीयुक्त मांस बंद करून तो इतका वेळ भाजतात कीं माशांचे कांटेहि मऊ पडून खातां येतात. आमची फोडणी ही क्षणाची कला आहे. ही रात्रीची कला आहे. क्षणाच्या कलेंतील चमक येथें शोधणाऱ्यास निराशेवांचून दुसरें काय मिळणार?

या कलेचा सर्वांत सुबक नमुना म्हणजे कारेलियन पीराक्का : रायची पातळ पारी, मध्यें दुधांत शिजविलेला भात, आणि कडा चुणलेल्या. १९४० सालीं व पुन्हां १९४४ सालीं कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएट संघाकडे गेला, आणि चार लाखांहून अधिक माणसें घरदार सोडून उरलेल्या देशांत विखुरलीं. गांव सुटलें, पीराक्का सुटली नाहीं; ती सर्व देशाची झाली. २००३ सालीं युरोपीय संघानें तिच्या पारंपरिक कृतीस व नांवास संरक्षण दिलें.

ही पीराक्का आम्हीं घरीं करविली. वाटीभर तांदूळ थोड्या पाण्यांत अर्धवट शिजवून, पांच वाट्या दुधांत मंद आंचेवर खिमटासारखा घट्ट होईपर्यंत आटवावा. त्यांत मीठ तेवढें घालावें. रायचें पीठ न मिळाल्यास नाचणी व गहूं यांचें पीठ समभाग घ्यावें. हा आमचा पाठभेद आहे, मूळ संहितेंत तो नाहीं. पारी होईल तितकी पातळ लाटून, भात पसरून, कडा चिमटीनें आंत चुणाव्या, आणि २५० अंश तापलेल्या भट्टींत पंधरावीस मिनिटें भाजून वर पातळ केलेलें लोणी फांसावें. उकडलेलें अंडें लोण्यांत कुस्करून वर घेण्याची तेथें चाल आहे. शाकाहारी मंडळींनीं नुसतें लोणी घ्यावें. पहिल्या खेपेस भातांत हळूच हिरवी मिरची पडली, आणि दुधाची सारी गोडी लोपली. दुसऱ्या खेपेस आम्हीं हात आंवरला, तेव्हां धान्याची व दुधाची चव वेगवेगळी जाणवली. आमचा निर्णय त्या दुसऱ्या खेपेचा आहे.

कांहीं पदार्थ तर ओळखीचेच निघाले. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाचें दूध भट्टींत भाजून जो पदार्थ करितात, तो सरळ सरळ आपला खरवस. गूळ-वेलदोडा मात्र नाहीं. वेलदोडा त्यांनीं 'पुल्ला' नांवाच्या गोड पावासाठीं राखून ठेविला आहे.

दोष नाहींतच, असें नव्हे. फिकट, मऊ पदार्थ ओळीनें आले कीं जीभ कंटाळते. ईस्टरच्या सणांतील 'मॅम्मी' ही राय व तिचे मोड यांची काळी खीर सायीबरोबर बरी लागते, पण तिचें रूप पाहून भूक वाढावी असें नाहीं.

परंतु खरा धोका निंदेपेक्षां स्तुतींत अधिक आहे. साधें अन्न म्हणजे सद्गुण, असें म्हणून दारिद्र्याची आरती ओंवाळणें सोपें असतें. योहान लुडविग रुनेबेर्ग या कवीनें १८३० सालीं सारियार्वीच्या पावो नांवाच्या शेतकऱ्यावर एक कविता लिहिली. हिमानें पीक जाई आणि पावो भाकरींत झाडाची साल मिसळी. शेवटीं पीक हातीं आलें, तेव्हांहि शेजाऱ्याचें शेत गोठलें म्हणून त्यानें साल मिसळावयास सांगितली. कविता थोर आहे. पण साल ही साल आहे. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळांत त्या देशाच्या लोकसंख्येचा सुमारें बारावा हिस्सा मृत्युमुखीं पडला. आज रुनेबेर्गच्या जन्मदिवशीं, ५ फेब्रुवारीस, लोक त्याच्या नांवाचा बदामी केक खातात, हा काव्यगत न्याय म्हणावयाचा कीं उपहास? आम्हांस वाटतें, पावोचें खरें स्मारक निराळेंच आहे : १९४३ सालीं फिनलंडनें कायदा केला, आणि १९४८ पासून तेथील शाळांत मुलांस दुपारचें जेवण विनामूल्य मिळूं लागलें, तें आजहि मिळतें. शेजाऱ्याच्या भुकेची आठवण तेथें कवितेंतून कायद्यांत आली.

२०१७ सालीं, स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक वर्षांत, फिनिश जनतेनें मतें देऊन आपलें राष्ट्रीय अन्न निवडलें. केक नव्हे, पीराक्का नव्हे. तीच काळी, आंबट रायची भाकर.

हें लिहितांना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पाहुणे आले त्या रात्रीं आमच्या घरीं पुरणपोळ्या केल्या होत्या, आणि रोजची नाचणीची भाकरी ओट्यावर फडक्याखालीं झांकून ठेविली होती. विद्यार्थ्यानें स्वतःची भाकर आमच्या ताटांत मोठ्या अभिमानानें वाढिली. आमची वाढावी, हें आम्हांस सुचलेंहि नाहीं. शेवटीं त्याच्या धाकट्या मुलीनेंच फडकें उचलून विचारलें, "हें काय आहे? आम्हांला कां नाहीं दिलें?"