तेराव्या प्रश्नाचं काय करायचं? 'स्वेच्छा' हा व्हेरिएबल आणि देहविक्रीवरचं संशोधन

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत तेरावा प्रश्न असा होता: 'तुम्ही या व्यवसायात स्वेच्छेने आलात की जबरदस्तीने?' खाली दोन चौकोन. एम.एस्सी. झाली होती, पेटची तयारी चालू होती आणि मधल्या काळात एचआयव्ही प्रतिबंधाच्या एका छोट्या प्रकल्पात मी फिल्डवर जात होते. पायलटच्या दुसऱ्याच दिवशी एका बाईने मलाच उलट विचारलं, "कधीचं इचारून राहिली तू? आली तेव्हाचं, का आताचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी 'स्वेच्छा'वर टिक केली आणि चौदाव्या प्रश्नावर गेले. ती ओळ त्या एक्सेल फाईलमध्ये अजून तशीच असेल, 'एक' हा कोड लागलेली. म्हणून आज या विषयावरच्या दोन गाजलेल्या अभ्यासांबद्दल लिहिते आहे. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी ते शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत असं मला वाटतं.

पहिला अभ्यास पुण्याचा. रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर या अर्थशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी २०११ मध्ये देशभरातल्या सेक्स वर्कर्सच्या सर्वेक्षणाचे प्राथमिक निष्कर्ष मांडले. १४ राज्यं, एक केंद्रशासित प्रदेश, ३,००० स्त्रिया. सांगलीच्या 'संग्राम' संस्थेशी जोडलेल्या एका केंद्राने समन्वय केला होता. यातला एकच आकडा सगळीकडे फिरतो: सुमारे ७० टक्के बायकांनी आपण स्वतःहून या कामात आलो असं सांगितलं.

दुसरा अभ्यास २००७ चा, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला, जे सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांचा. भारतातल्या कुंटणखान्यांतून सुटून नेपाळला परत गेलेल्या २८७ मुली आणि स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ३८ टक्के एचआयव्हीबाधित. ज्यांना पंधरा वर्षांच्या आत विकलं गेलं होतं त्यांच्यात हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर. मुंबईत ठेवल्या गेलेल्यांना धोका आणखी जास्त.

आता कुठल्याही चर्चासत्रात बसा. एक बाजू पहिला पेपर फेकते, दुसरी बाजू दुसरा. दोघांनाही वाटतं समोरच्याचा डेटा खोटा आहे. खोटा कुठलाच नाही. आपण विज्ञानवाल्यांनी आधी हे विचारायला हवं की विहिरीच्या कुठल्या काठावरून बादली सोडली.

सिल्व्हरमन यांचा नमुना पुनर्वसन संस्थेतून आला. तिथे पोहोचते ती फसवून आणलेली, विकलेली, सुटका झालेली मुलगी. ट्रॅफिकिंग झालेल्या मुलींचंच आरोग्य त्यांना मोजायचं होतं, त्यामुळे त्यांच्या प्रश्नासाठी हा नमुना बरोबरच आहे. चूक वाचणाऱ्याची, जो यावरून 'धंद्यातल्या सगळ्याच बायका अशा' असं म्हणतो.

साहनी-शंकर यांना ही अडचण माहीत होती. संघटित, चळवळीतल्या बायकांच्या पलीकडे जाऊन नमुना घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवायला हवं. पण अशा विषयात अनोळखी माणसाशी कोण बोलतं? ओळखीचं कोणीतरी मध्ये लागतंच. जिच्या खोलीला बाहेरून कडी आहे, ती ओळखीच्या माणसापर्यंतही येत नाही.

यावर कोणी म्हणेल, रिस्पॉन्डंट ड्रिव्हन सॅम्पलिंग वापरा. डग्लस हेकॅथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेली ही पद्धत लपलेल्या समूहांसाठीच आहे. थोड्या लोकांपासून सुरुवात करायची, प्रत्येकाला मोजकी कूपन द्यायची, त्यांनी आपापल्या ओळखीतल्यांना आणायचं, आणि कोणाची ओळख किती मोठी त्यावरून नंतर वजन लावायचं. सुंदर पद्धत आहे, मला स्वतःला आवडते. पण गणित एका गृहीतकावर उभं आहे: सगळे एकमेकांशी कुठून ना कुठून जोडलेले आहेत आणि बोलावलं तर येऊ शकतात. कडीआडच्या मुलीला कूपन मिळत नाही, मिळालं तरी ती बाहेर पडू शकत नाही. तिचं वजन शून्य. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच येतं. म्हणजे जबरदस्ती जितकी कडक, तितकी ती नमुन्यातून गायब. हा दोष सॅम्पल साईझ वाढवून जात नाही, हे लिहून ठेवा, व्हायव्हाला विचारतात.

पण माझी खरी तक्रार त्या ७० टक्क्यांबद्दल वेगळीच आहे. तो आकडा त्या सर्वेक्षणातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे आणि तोच उचलला गेला. लेखकांचं खरं काम कामाच्या इतिहासात आहे. मोठ्या संख्येने बायका आधी दुसरीकडे राबत होत्या: धुणीभांडी, बांधकाम, शेतमजुरी. कित्येक जणी लहान वयापासून. तिथली मजुरी तुटपुंजी, काम हाडं मोडणारं, आणि तिथेही मालकाच्या हातापासून सुटका नाही. त्यांच्या हिशेबात धंदा हा अनेक वाईट कामांपैकी जास्त पैसे देणारा एक होता. सर्वेक्षण एवढंच म्हणतं, आणि ते फार मोठं आहे. कारण मग प्रश्न 'ही बाई इथे का आली' एवढाच राहत नाही, 'ती जिथून आली तिथे काय चाललंय' हा होतो.

यवतमाळच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. नवऱ्याने कर्जापायी जीव दिलेला, शेत नावावर नाही, दोन पोरं. अशी बाई वेचणीला जाते तेव्हा ती स्वेच्छेने जाते का, असा तेरावा प्रश्न आपण कधी छापतो? झरी जामणी, मारेगाव भागातल्या कोलाम मुलींचं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं. बाहेरून आलेल्या पुरुषांनी लग्नाचं आमिष दाखवायचं आणि पोर झाल्यावर निघून जायचं. पेपरवाले 'कुमारी माता' म्हणतात आणि मोकळे होतात. तो धंदा नाही, मिसळू नका. पण त्या मुलीने 'हो' म्हटलं होतं, आणि तो 'हो' काय किमतीचा होता हे मोजायला आपल्याकडे एकही चौकोन नाही.

इथे एक सीमा मात्र पक्की ठेवते. अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच येत नाही, कायद्यातही नाही आणि माझ्या मतेही नाही. पंधराव्या वर्षी आणलेली बाई तिशीत 'आता मला इथेच राहायचंय' म्हणते, तेव्हा तिचं आजचं उत्तर मानायचं. पण त्याने पंधराव्या वर्षीचा गुन्हा पुसला जात नाही. दोन्ही एकाच बाईच्या बाबतीत खरं असतं. माझा दोन चौकोनांचा प्रश्न इथेच मेला.

कायद्याने यातून काय वाट काढलीय ते वाचण्यासारखं आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ५ मध्ये धंद्यासाठी माणूस आणणं हा गुन्हाच आहे, तिची संमती असो वा नसो. इच्छेविरुद्ध असेल तर शिक्षा सातवरून चौदा वर्षांपर्यंत वाढते. हे आणणाऱ्याबद्दल झालं. पण कलम १७ खाली सुटका केलेल्या बाईलाच एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. म्हणजे जबरदस्तीतून सोडवायचं आणि जबरदस्तीने ठेवायचं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी अशाच तीन सज्ञान मुलींना सोडलं. वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, असं सांगून. १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात त्याच दिशेने निर्देश दिले: धाडीत सेक्स वर्करला अटक किंवा छळ करू नये, आणि संरक्षणगृहांत मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची पाहणी करावी. (त्या खंडपीठात आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवईही होते.)

आणि मध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, नागपूरची गंगा-जमुना वस्ती पोलिसांनी सील केली. एक बाजू म्हणाली इथे अल्पवयीन मुली आणल्या जातात. दुसरी म्हणाली इथल्या बायकांनी खायचं काय. जांबुवंतराव धोटे यांची मुलगी ज्वाला धोटे त्या बायकांच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या, त्यामुळे यवतमाळातही तेव्हा चहाच्या टपरीवर याचीच चर्चा. मी दोन्ही बाजूंच्या बातम्या वाचत होते आणि मला दोन्ही पटत होत्या, कारण दोघं वेगवेगळ्या बायकांबद्दल बोलत होते. बॅरिकेड मात्र सगळ्यांना एकच. वस्ती बंद झाली की धंदा लॉजवर आणि मोबाईलवर जातो. तिथे ओळखीची आरोग्यसेविका पोहोचत नाही, शेजारच्या खोलीतली मैत्रीण ओरडण्याचा आवाज ऐकायला नसते. आणि आपल्या पद्धतीने सांगायचं तर पुढच्या सर्वेक्षणाची सॅम्पलिंग फ्रेमही जाते.

शब्दांबद्दल एक. पोलीस टिपणीत 'पीडिता', प्रबंधात 'लैंगिक कामगार', एनजीओच्या अहवालात 'सेक्स वर्कर'. 'संग्राम'च्या कामातून उभ्या राहिलेल्या 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'ने, म्हणजे सांगलीच्या 'व्हॅम्प'ने, स्वतःच्या नावात 'वेश्या' हा शब्द ठेवला. फिल्डवर मी 'धंदा' हाच शब्द ऐकला. कुठला वापरायचा ते तुमचे गाईड सांगतील, पण निवडलात की त्याबरोबर अर्धं उत्तर छापून गेलेलं असतं एवढं ध्यानात असू द्या.

माझ्या आताच्या सिनॉप्सिसमध्ये तेरावा प्रश्न नाही. त्याजागी सहा आहेत. इथे येण्याआधी काय काम करत होतीस, किती मिळायचं. कोणी आणलं. त्या वेळी वय किती होतं. आज गिऱ्हाईकाला नाही म्हणता येतं का. पैसे कोणाच्या हातात जातात. उद्या निघायचं ठरवलंस तर कोण अडवेल. प्रत्येकाला वेगळा कॉलम, आणि बेरीज करून एक स्कोअर काढायचा नाही. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "मग शेवटी टक्का किती येणार?" मी म्हटलं, सर, सहा येतील.

सध्या सुधारणांसाठी परत आलाय.