कांदोंब्ले परंपरेतील धर्मज्ञानाचे संक्रमण : मौखिकतेच्या गृहीतकाची चिकित्सा

ब्राझीलमधील बाहिया प्रांतात रुजलेल्या कांदोंब्ले धर्माचे विवेचन करताना अभ्यासकांनी 'मौखिकता' या संकल्पनेवर मोठा भर दिला आहे. ह्वाना एल्बैन दोस सांतोस यांच्या 1976 मध्ये प्रकाशित झालेल्या 'ओस नागो ई आ मोर्ते' या ग्रंथात ही भूमिका विशेष ठामपणे मांडलेली दिसते. शब्द हा 'आशे' या दिव्य शक्तीचा वाहक असून तो श्वासासह मुखातून कानी गेला तरच फलद्रूप होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन आकर्षक असले तरी अपुरे आहे. साल्वादोर येथील मार्तिनियानो दो बोनफिम (1859–1943) यांचे शिक्षण लागोस येथे झाले होते. योरुबा व इंग्रजी जाणणाऱ्या या विद्वानाने 1930 च्या दशकात 'ओपो आफोंझा' या मठात 'शांगोचे ओबा' ही पदव्यवस्था उभारण्यास साहाय्य केले. खुद्द दोस सांतोस यांचे पती मेस्त्रे दिदी यांनी 1950 मध्ये योरुबाविषयक पुस्तक छापले. दीक्षितांच्या खासगी वह्यांचे अस्तित्वही सर्वज्ञात आहे. लिझा कास्तियो यांनी 2008 च्या ग्रंथात मौखिक व लिखित यांच्या या सरमिसळीकडे लक्ष वेधले, हे त्यांचे महत्त्वाचे योगदान होय. (अभ्यासकांची स्वतःची टिपणवही मात्र या चर्चेत क्वचितच येते.)

तथापि खरा प्रश्न माध्यमाचा नसून अनुमतीचा आहे. नवदीक्षित 'इयाओ'ने प्रश्न विचारणे अनुचित मानले जाते. अंगण झाडावे, नैवेद्याच्या स्वयंपाकात हातभार लावावा, चटईवर बसून ज्येष्ठांचे हात न्याहाळावेत आणि जे दिसेल ते मनात साठवावे, ही तेथील शिकण्याची रीत. सात वर्षांनंतरचा विधी पूर्ण झाल्यावर 'एबोमी' हा ज्येष्ठत्वाचा दर्जा मिळतो. मार्सियो गोल्डमन यांनी या प्रक्रियेसाठी परंपरेतीलच 'पाने वेचणे' ही संज्ञा चर्चेत आणली. एकाच गुरूकडून अखंड पाठ मिळत नाही. येथून एक, तेथून एक असे पान गोळा करावे लागते. ओरिशांच्या उपासनेत वनस्पतींना असलेले स्थान पाहता ही संज्ञा अत्यंत समर्पक ठरते.

परंतु गोल्डमन यांच्या मांडणीत संयमाचा गौरव अधिक आणि सत्तेचा विचार कमी आहे. पान कोठे आहे हे ज्येष्ठाला ठाऊक असते आणि ते न दाखवण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. ज्ञान न देताच ज्येष्ठ निवर्तले, ही तक्रार परंपरेच्या आतूनच वारंवार ऐकू येते.

या पार्श्वभूमीवर ओपो आफोंझाच्या प्रमुख मांय स्टेला (1925–2018) यांनी 1993 मध्ये 'मेउ तेंपो ए आगोरा' हे पुस्तक लिहिले, ही घटना निर्णायक वाटते. त्यात मठातील आचार, शिस्त व नाती यांचे मार्गदर्शन आहे. विधींचे गाभ्यातील रहस्य, ज्याला 'फुंदामेंतो' म्हणतात, ते मात्र त्यांनी कागदावर उतरवले नाही. काय लिहावे आणि काय राखावे, हे येथे बाहेरच्या संशोधकाने नव्हे, तर मठाच्या धर्ममातेने ठरवले.