सदनाचे दार : ‘सेवासदन’, ‘कोल्हाट्याचं पोर’ आणि स्त्रीच्या स्वायत्ततेचा प्रश्न

वेश्याव्यवसायाविषयीची आपल्याकडील चर्चा प्रायः दोन पक्षांत विभागलेली दिसते. एका पक्षाच्या मते हा व्यवसाय म्हणजे जात, दारिद्र्य आणि पुरुषसत्ता यांनी स्त्रीवर लादलेली गुलामगिरी होय. दुसऱ्या पक्षाच्या मते तो श्रमाचाच एक प्रकार असून प्रौढ स्त्रीने त्यास दिलेली संमती इतर कोणत्याही संमतीइतकी मान्य व्हावयास हवी. दोन्ही पक्ष मुळात एकच प्रश्न विचारतात : ती स्वेच्छेने आली की बळजबरीने? हा प्रश्न अनावश्यक नाही, परंतु अपुरा आहे. स्त्री ज्या घरात राहते, त्या घराचे दार तिला आतून उघडता येते काय, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे, असे येथे मांडावयाचे आहे. दोन भाषांतील दोन संहिता शेजारी ठेवून वाचल्या असता तो अधिक स्पष्ट होतो.

काशीत बसून या विषयाचा विचार करताना प्रेमचंदांच्या ‘सेवासदन’पासून आरंभ करणे अपरिहार्य ठरते. ‘बाजार-ए-हुस्न’ या नावाने मुळात उर्दूत लिहिलेली ही कादंबरी हिंदीत आधी आणि उर्दूत १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नायिका सुमन ही फौजदाराची मुलगी. हुंडा जमला नाही म्हणून ती गजाधरच्या दरिद्री संसारात येऊन पडते. एका रात्री घरी परतण्यास उशीर होतो आणि नवरा तिला घराबाहेर काढतो. ज्या वकिलाच्या घरी ती आश्रय घेते, तोही लोकापवादाच्या भयाने तिला ठेवून घेत नाही. पुढे विधवाश्रमात तिची ओळख उघड होते आणि तेथूनही तिला निघावे लागते. सख्ख्या बहिणीच्या संसारातही तिला थारा मिळत नाही. या साऱ्या घरांच्या ओळीत तिला विनाअट आत घेणारे घर एकच आहे, ते भोलीबाईचे.

समीक्षेने सुमनच्या पतनाची आणि उद्धाराची पुष्कळ चर्चा केली, पण भोलीकडे तिचे फारसे लक्ष गेले नाही. आईबापांनी आपल्याला एका म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधले आणि काही महिन्यांतच आपण तेथून बाहेर पडलो, असे भोली सुमनला सांगते. हा निर्णय तिने स्वतः घेतलेला आहे. कादंबरीकार मात्र हे कथन ऐकून पुढे निघून जातो. पुढे नगरपालिकेत या स्त्रियांना शहराच्या मध्यवस्तीतून हलवण्याचा ठराव येतो. त्यावर हिंदू आणि मुसलमान सदस्य हिरिरीने वाद घालतात, पण ज्यांच्याविषयी ठराव आहे त्यांना त्या सभागृहात जागा नाही. कलंक हा व्यक्तीला चिकटलेला असतो तसाच तो जागेलाही चिकटवला जातो आणि जागा बदलली की तो मिटला, असा सुधारकांचा समज असतो.

वास्तव या कल्पनेच्या पुढे गेले होते. असहकाराच्या काळात याच काशीत हुस्नाबाईंच्या नेतृत्वाखाली तवायफ सभा उभी राहिली आणि तिने परदेशी मालावरील बहिष्काराचा पुरस्कार केला. आपला व्यवसाय सांगूनच या स्त्रिया सार्वजनिक जीवनात उतरल्या. सुमनला मात्र भूतकाळ पुसूनच सेवासदनात प्रवेश मिळतो. महाराष्ट्रीय वाचकास हे नाव परिचित आहे, कारण रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापन केले होते. तेथे शिक्षणाला आणि परिचर्येच्या प्रशिक्षणाला महत्त्व होते, म्हणजे बाहेर पडून स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची तयारी होती. प्रेमचंदांचे सेवासदन हे नायिकेच्या प्रवासाचे अंतिम ठिकाण आहे. तिथून पुढे वाट नाही.

किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या चित्राची दुसरी बाजू दाखवते. लेखक आईचे नाव आपल्या नावात धारण करतो. कोल्हाटी घरात नाचणाऱ्या मुलींच्या कमाईवर बाप-भाऊ जगतात, आणि ‘चिरा’ उतरल्यावर मुलीला विवाहाचा मार्ग बंद होतो. सुमनला घराबाहेर ढकलले जाते, तर शांताबाईंना घरातच अडकवून ठेवले जाते. दोघींच्या बाबतीत दार दुसऱ्याच्याच हाती असते. ज्या घराचा खर्च ती चालवते, ते घरदेखील तिचे नसते.

येथे जातीचा प्रश्न टाळता येत नाही. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यापुढे बोलताना हा व्यवसाय सोडण्याचे आवाहन केले. उच्चवर्णीय सुधारकाच्या शुचितेच्या आग्रहाशी हे आवाहन एक मानता येणार नाही, कारण जातीने नेमून दिलेले काम नाकारण्याचा तो पुकारा होता. स्वायत्ततेची भाषा वापरणाऱ्यांनी या आक्षेपाला उत्तर दिलेच पाहिजे. जे काम जन्माने ठरते, त्याला ‘निवड’ म्हणताना शब्दाचा अर्थ सैल होतो.

या आक्षेपाचे एक उत्तर सांगलीतून आले. तेथे १९९६ मध्ये या व्यवसायातील स्त्रियांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली. या नावात ‘वेश्या’ हा शब्द वगळलेला नाही आणि मुक्ती मागितली आहे ती अन्यायापासून. उद्धार करणाऱ्यांनी आमच्या वतीने बोलू नये, ही त्यांची भूमिका जणू भोलीचे अर्धवट राहिलेले कथन पूर्ण करते.

कायद्याच्या इतिहासातही सदन आहेच. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार सोडवलेल्या स्त्रीला संरक्षणगृहात ठेवता येते. बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा गृहांची पाहणी करून, इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या मुक्ततेची कार्यवाही ठरावीक मुदतीत करण्याचे निर्देश दिले. वेश्यागृहाइतकेच उद्धारगृहही कारागृह होऊ शकते, हे त्यामुळे अधिकृतपणे मान्य झाले. मात्र याच काशीतील शिवदासपूरमध्ये २००५ मध्ये ‘गुडिया’ संस्थेच्या पुढाकाराने छापा पडून अल्पवयीन मुलींची सुटका झाली, हेही विसरता येत नाही. तेथे दार बाहेरून फोडणेच न्याय्य होते. बालिकेच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणून या दोन बाबी एकमेकींच्या विरोधात उभ्या करण्याचे कारण नाही. मुलीसाठी दार फोडावे लागते आणि प्रौढ स्त्रीसाठी ते तिच्या हाती द्यावे लागते. मग ते घर नवऱ्याचे असो, बापाचे असो, कोठ्याचे असो वा आश्रमाचे. समीक्षकानेही उद्धाराच्या शेवटावर पुस्तक मिटण्यापूर्वी एवढे पाहावे की, कथेच्या अखेरीस नायिका ज्या सदनात पोहोचली, त्याची कडी कोणत्या बाजूला आहे.